मॅक्झिम गॉर्की : ध्येय, व्यवहार आणि लेखकाचे सत्य

साम्यवादाचे ध्येय आणि साम्यवादी राजवटीचा प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतराची चर्चा बहुधा राज्यशास्त्राच्या परिभाषेत केली जाते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हाच प्रश्न निराळ्या रूपात भेटतो. ज्या लेखकाने ध्येय मनापासून स्वीकारले आहे, त्याने व्यवहार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर काय लिहावे, हा तो प्रश्न होय. मॅक्झिम गॉर्कीच्या चरित्रात तो जितक्या तीव्रतेने उभा राहतो तितका क्वचितच अन्यत्र राहिला असेल. क्रांतीच्या पहिल्या वर्षातच बोल्शेविकांवर कठोर टीका करणारा गॉर्की आणि पुढे त्याच राजवटीच्या श्रमछावण्यांची भलावण करणारा गॉर्की ही एकच व्यक्ती आहे.

मराठी वाचकाला गॉर्की परका नाही. 'आई' ही कादंबरी आणि आत्मचरित्राचे तीन खंड आपल्याकडील पुरोगामी लेखकांच्या पिढीने आवर्जून वाचले. अण्णा भाऊ साठे यांना महाराष्ट्राचा गॉर्की म्हणण्याची प्रथा पडली, यावरूनही ह्या नावाचे आपल्या वाङ्मयीन जीवनातील वजन कळते. तथापि मॉस्कोहून येणाऱ्या स्वस्त आणि देखण्या ग्रंथांतून जो गॉर्की आपल्यापर्यंत पोहोचला, त्यात १९१७-१८ मधील त्याच्या लेखनाला जागा नव्हती. ते लेखन सोव्हिएत संघातच सुमारे सत्तर वर्षे पुनर्मुद्रित झाले नव्हते. ते १९८८ नंतर उपलब्ध झाले आणि त्यामुळे गॉर्कीच्या जीवनाचा आलेख नव्याने मांडणे आवश्यक ठरले. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

१

अलेक्सेई मॅक्झिमोविच पेशकोव्ह याचा जन्म २८ मार्च १८६८ रोजी (जुन्या कालगणनेनुसार १६ मार्च) व्होल्गाकाठच्या नीझनी नोव्हगोरोद येथे झाला. वडील सुतारकाम करीत. १८७१ मध्ये आस्त्राखान येथे पटकीने त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर आईसह तो आजोबांच्या घरी आला. आजोबांचा कापड रंगवण्याचा धंदा होता आणि तो उतरणीला लागलेला होता. वाटणीवरून मामांची भांडणे, आजोबांचा मार आणि आजीच्या तोंडून ऐकलेल्या लोककथा या वातावरणात त्याचे बालपण गेले. १८७९ मध्ये आई क्षयाने वारली आणि आजोबांनी अकरा वर्षांच्या नातवाला पोट भरण्यासाठी घराबाहेर काढले. जोड्यांच्या दुकानातील पोऱ्या, नकाशे काढणाऱ्याकडचा उमेदवार, व्होल्गेवरील बोटीवर भांडी घासणारा, देवादिकांची चित्रे रंगवणाऱ्यांच्या कारखान्यातील हरकाम्या अशी कामे त्याने केली. बोटीवरच्या स्मूरी नावाच्या आचाऱ्याने त्याला वाचनाची गोडी लावली.

१८८४ मध्ये विद्यापीठात शिकण्याच्या आशेने तो काझानला गेला; पण त्याच्या वाट्याला आली ती बेकरीची भट्टी. १८८७ च्या डिसेंबरात त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. गोळी फुप्फुसातून गेली, तो वाचला. पण छातीचे दुखणे जन्मभर राहिले. पुढच्या वर्षी रोमास नावाच्या क्रांतिकारकाबरोबर तो एका खेड्यात गेला. शेतकऱ्यांत जागृती करावी, त्यांना व्यापाऱ्यांच्या पकडीतून सोडवावे, हा रोमासचा हेतू होता. त्याचे दुकान जाळण्यात आले, आणि ज्यांच्यासाठी हे कार्य होते ते गावकरीच अंगावर आले. १८९१ मध्ये दक्षिण रशियातून पायी भटकत असताना एका गावात एका स्त्रीला उघडपणे छळून तिची धिंड काढली जात असलेली त्याने पाहिली. तो मध्ये पडला आणि त्याला बेदम मार बसला.

या दोन अनुभवांना गॉर्कीच्या चरित्रात मोठे महत्त्व आहे. रशियन शेतकऱ्याला पवित्र मानणारी टॉलस्टॉयप्रणीत आणि जनवादी विचारसरणी त्याला कधीच पटली नाही. खेडे म्हणजे अंधार, क्रौर्य आणि जडता. शहर, यंत्र, पुस्तक आणि श्रम यांतून नवा माणूस घडेल, ही त्याची श्रद्धा येथूनच दृढ झाली. त्याच्या साम्यवादाचा पाया मार्क्सच्या अर्थशास्त्रापेक्षा या श्रद्धेत अधिक होता. ह्या श्रद्धेचे पुढे काय झाले, हे आपण पाहणार आहोत.

२

१८९२ मध्ये तिफ्लिस येथील एका वृत्तपत्रात 'मकार चूद्रा' ही त्याची पहिली कथा मॅक्झिम गॉर्की या नावाने प्रसिद्ध झाली. गॉर्की म्हणजे कडू. १८९८ मध्ये कथांचे दोन खंड निघाले आणि थोड्याच काळात टॉलस्टॉय व चेखव यांच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जाऊ लागले. १९०२ मध्ये विज्ञान अकादमीने त्याला सन्माननीय सदस्य म्हणून निवडले. झारच्या नाराजीमुळे ती निवड रद्द झाली, तेव्हा चेखव आणि कोरोलेन्को यांनी निषेध म्हणून आपले सदस्यत्व सोडले. त्याच वर्षी मॉस्को आर्ट थिएटरने त्याचे 'तळाशी' हे नाटक रंगमंचावर आणले. आपल्याकडे ते 'लोअर डेप्थ्स' या इंग्रजी नावाने परिचित आहे.

या नाटकातील वाद गॉर्कीच्या पुढील आयुष्याची किल्लीच ठरतो. भणंग लोकांच्या वस्तीत लुका नावाचा एक म्हातारा यात्रेकरू येतो आणि प्रत्येकाला दिलासा देणारी काहीतरी खोटी गोष्ट सांगतो. दारूड्या नटाला तो व्यसन सोडवणाऱ्या रुग्णालयाची आशा दाखवतो. लुका निघून जातो, आशा फोल ठरते आणि नट गळफास घेतो. सातीन हे दुसरे पात्र असत्याला गुलामांचा व मालकांचा धर्म ठरवते आणि सत्य हेच स्वतंत्र माणसाचे दैवत असल्याचे सांगते. नाटककाराने आपला कौल सातीनला दिला होता व पुढेही लुकाच्या वृत्तीवर त्याने वारंवार टीका केली. तरीही रंगभूमीवर लुका अधिक जिवंत वाटतो, हे अनेक समीक्षकांनी नोंदवले आहे. दुःखी माणसाला आधार देणाऱ्या असत्याचे आकर्षण गॉर्कीच्या मनात किती खोल होते, हे यावरून लक्षात येते.

९ जानेवारी १९०५ रोजी पीटर्सबर्ग येथे निःशस्त्र कामगारांच्या मिरवणुकीवर झालेला गोळीबार त्याने प्रत्यक्ष पाहिला. त्याबद्दलच्या निवेदनामुळे त्याला पीटर-पॉल किल्ल्यात ठेवण्यात आले. युरोपातील लेखक-विद्वानांच्या निषेधामुळे त्याची सुटका झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची लेनिनशी भेट झाली. १९०६ मध्ये पक्षासाठी निधी गोळा करण्याकरिता तो अमेरिकेस गेला आणि तेथेच त्याने 'आई' लिहावयास घेतली. पुढची सात वर्षे इटलीतील काप्री बेटावर गेली. बोग्दानोव्ह व लुनाचार्स्की यांच्यासह त्याने समाजवादाला एका नव्या धर्माचे रूप देणारा विचार मांडला. सामूहिक मानव हाच ईश्वर होय आणि तो अजून घडवावयाचा आहे, असा त्याचा आशय होता. लेनिनने त्यावर कडक टीका केली. तथापि माणूस घडवता येतो, नव्हे तो घडवलाच पाहिजे, ही कल्पना गॉर्कीने कधीच सोडली नाही.

३

१९१३ मध्ये झारने दिलेल्या माफीमुळे तो मायदेशी परतला. १९१७ च्या वसंतात त्याने पेत्रोग्रादमध्ये 'नोवाया झिझ्न', म्हणजे नवे जीवन, हे दैनिक सुरू केले. त्यातील 'अकालिक विचार' या सदरात त्याने ऑक्टोबर क्रांतीच्या आधी व नंतर जे लिहिले, ते साम्यवादी ध्येयाच्या एका निष्ठावंताने साम्यवादी व्यवहाराची केलेली अगदी पहिली चिकित्सा होय. लेनिन आणि त्याचे सहकारी रशियन जनतेवर एक निर्दय प्रयोग करीत आहेत, रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतील निर्जीव द्रव्याशी वागतो तसे ते जिवंत माणसांशी वागत आहेत, असा त्याचा मुख्य आक्षेप होता. वृत्तपत्रांवरील बंदी, विनाचौकशी अटका, झुंडींनी परस्पर केलेला न्याय यांचा त्याने निषेध केला. ५ जानेवारी १९१८ रोजी संविधान सभेच्या समर्थनार्थ निघालेल्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्याने तिची तुलना थेट १९०५ च्या ९ जानेवारीशी केली. झारच्या सैनिकांनी केलेले कृत्य आणि कामगारांच्या नावाने केलेले कृत्य यांत त्याला नैतिक भेद दिसला नाही. क्रांतीने माणसाला आतून बदलले नाही तर सत्ता केवळ एका हातातून दुसऱ्या हातात जाईल आणि जुने क्रौर्य नव्या नावाने चालू राहील, हे त्याच्या म्हणण्याचे सार होते.

जुलै १९१८ मध्ये लेनिनच्या संमतीने हे दैनिक कायमचे बंद करण्यात आले. पुढच्याच महिन्यात लेनिनवर प्राणघातक हल्ला झाला आणि गॉर्कीने राजवटीशी जुळवून घेतले. या समझोत्याला शरणागती म्हणणे अन्यायाचे होईल. कारण त्यानंतरची तीन वर्षे हा त्याच्या जीवनातील सर्वांत तेजस्वी काळ आहे. यादवी युद्ध आणि उपासमार यांनी पेत्रोग्राद उजाड होत असताना त्याने 'जागतिक वाङ्मय' ही प्रकाशनसंस्था उभी केली. जगातील श्रेष्ठ ग्रंथांची भाषांतरे हा तिचा जाहीर उद्देश होता, आणि भाषांतरकारांना शिधा व मोबदला मिळून त्यांनी जगावे हा तितकाच महत्त्वाचा हेतू होता. तिच्या प्राच्य विभागात बौद्धविद्येचे अभ्यासक सेर्गेई ओल्डेनबुर्ग यांच्यासारखे पंडित होते. शास्त्रज्ञांच्या निर्वाहासाठी त्याने आयोग स्थापन करवला. अटक झालेल्यांसाठी, भुकेल्यांसाठी, कोणाच्या सरपणासाठी तर कोणाच्या प्राणासाठी तो लेनिनला पत्रांमागून पत्रे लिहीत राहिला. लेनिन काही ऐकत असे. काही वेळा बुद्धिजीवींच्या रडगाण्याने त्याची दृष्टी बिघडली आहे, असे सुनावीत असे.

या मध्यस्थीच्या मर्यादाही लवकरच उघड झाल्या. इतिहासकार असलेल्या ग्रँड ड्यूक निकोलाय मिखाईलोविचसाठी त्याने रदबदली केली, तरी जानेवारी १९१९ मध्ये त्याला गोळी घालण्यात आली. कवी ब्लोक याला उपचारासाठी फिनलंडला जाऊ देण्याची विनंती त्याने केली. परवानगी आली तेव्हा कवी मृत्युशय्येवर होता. ७ ऑगस्ट १९२१ रोजी ब्लोक वारला, आणि त्याच महिन्यात 'जागतिक वाङ्मय'साठी काम करणारा कवी गुमिल्योव्ह गोळीला बळी पडला. त्या वर्षीच्या भीषण दुष्काळात गॉर्कीने जगाला मदतीचे आवाहन केले. निःपक्ष विद्वान व कार्यकर्ते यांची एक साहाय्य समिती स्थापन झाली. अमेरिकन मदतीचा करार होताच ती बरखास्त झाली आणि तिच्या अनेक सदस्यांना अटक झाली. ऑक्टोबर १९२१ मध्ये गॉर्की देशाबाहेर पडला. प्रकृतीचे कारण खरे होते, पण ते एकमेव कारण नव्हते.

४

जर्मनीत आणि १९२४ पासून इटलीतील सोरेन्तो येथे तो राहिला. १९२२ मध्ये समाजवादी क्रांतिकारक पक्षाच्या नेत्यांवर मॉस्कोत खटला भरला गेला तेव्हा त्याने आनातोल फ्रान्सला पत्र लिहून निषेध करण्यास सांगितले. प्लेटो, कान्ट, टॉलस्टॉय यांचे ग्रंथ सार्वजनिक ग्रंथालयांतून काढण्याचा आदेश निघाल्याचे कळले तेव्हा नागरिकत्व सोडण्याचाही विचार त्याने केला. बर्लिनहून त्याने काढलेल्या 'बेसेदा' या नियतकालिकाला सोव्हिएत संघात प्रवेश मिळाला नाही. त्याच काळात रशियन शेतकऱ्यांवर लिहिलेल्या पुस्तिकेत मात्र क्रांतीतील क्रौर्याची जबाबदारी त्याने पुढाऱ्यांपेक्षा शेतकऱ्याच्या स्वभावावर अधिक टाकली. हे स्थित्यंतर सूक्ष्म आहे. १९१८ मध्ये प्रयोग करणारा दोषी होता. १९२२ मध्ये ज्यावर प्रयोग होतो तो दोषी ठरू लागला.

मे १९२८ मध्ये, साठीच्या निमित्ताने, तो मायदेशी आला. स्थानकांवर हजारोंची गर्दी लोटली. त्याच्या पुनरागमनाची अनेक कारणे दिली जातात. देशाची ओढ होती, इटलीत फॅसिझम होता, पैशाची चणचण होती, परदेशातील वाचकवर्ग ओसरत होता. ही सर्व कारणे खरी मानली तरी एक कारण उरते आणि ते वैचारिक आहे. १९२९ मध्ये दुष्काळ समितीतील जुनी सहकारी कुस्कोवा हिला लिहिलेल्या पत्रात त्याने रोजच्या क्षुद्र सत्याविषयी तिटकारा व्यक्त केला. जनतेला अशा सत्याची गरज नाही; तिची श्रमशक्ती व इच्छाशक्ती उंचावणारे दुसरे सत्य तिला हवे, असे त्याचे म्हणणे होते. सत्तावीस वर्षांपूर्वी सातीनला दिलेला कौल येथे लुकाकडे वळला. फरक इतकाच की लुकाचे असत्य भणंगांसाठी होते. हे असत्य सत्तेच्या उपयोगाचे होते.

त्याच वर्षी जून महिन्यात तो श्वेत समुद्रातील सोलोव्हकी बेटांवर गेला. तेथील जुन्या मठाचे कैद्यांच्या छावणीत रूपांतर झालेले होते. भेटीपूर्वी छावणी सजवली गेली. पुढे विख्यात झालेले साहित्य-इतिहासकार दिमित्री लिखाचोव्ह तेव्हा तेथे कैदी होते, आणि त्यांनी या भेटीविषयी नंतर लिहिले. कैद्यांच्या हातांत वाचनासाठी वृत्तपत्रे दिली गेली, त्यांतल्या काहींनी ती मुद्दाम उलटी धरली आणि गॉर्कीने ते ओळखून एक वृत्तपत्र सरळ केले, अशी कथा कैद्यांत सांगितली जात असे. ती शब्दशः खरी असो वा नसो, कैद्यांची अपेक्षा तिच्यातून स्पष्ट होते. १९१८ मधला गॉर्की आपले दुःख ओळखील, असे त्यांना वाटत होते. प्रसिद्ध झालेल्या लेखात मात्र छावणी ही गुन्हेगारांना श्रमातून माणूस बनवणारी शाळा म्हणून अवतरली. माणूस घडवण्याचे काप्रीतले स्वप्न आता पहारेकऱ्याच्या हाती आले होते.

यानंतरची पावले भराभर पडली. नोव्हेंबर १९३० मध्ये, अभियंत्यांवरील खटल्याच्या वेळी, शरण न येणाऱ्या शत्रूचा नाश समर्थनीय ठरवणारा लेख त्याने लिहिला. १९३२ मध्ये त्याच्या जन्मगावाला आणि मॉस्कोतील प्रमुख रस्त्याला त्याचे नाव दिले गेले. ती दोन्ही नावे १९९० पर्यंत टिकली. राहण्यासाठी त्याला मॉस्कोतील एका जुन्या धनिकाचा वाडा मिळाला. त्याच वाड्यात ऑक्टोबर १९३२ मध्ये लेखकांच्या बैठकीत स्टालिनने लेखकाला मानवी मनांचा अभियंता ठरवले. श्वेत समुद्र ते बाल्टिक हा २२७ किलोमीटरचा जलमार्ग १९३१ ते १९३३ या काळात एक लाखाहून अधिक कैद्यांच्या श्रमांतून खोदला गेला. अधिकृत नोंदींनुसारच त्यात सुमारे १२ हजार कैदी मरण पावले. या कालव्याचा गौरवग्रंथ छत्तीस लेखकांनी मिळून लिहिला आणि १९३४ मध्ये गॉर्कीच्या सहसंपादकत्वाखाली तो प्रसिद्ध झाला. १९३२-३३ च्या दुष्काळात लक्षावधी शेतकरी मेले. १९२१ मध्ये जगाला हाक देणाऱ्या गॉर्कीने या वेळी कोणतीही जाहीर हाक दिली नाही.

ऑगस्ट १९३४ मध्ये भरलेल्या सोव्हिएत लेखकांच्या पहिल्या अधिवेशनाचा तो अध्यक्ष होता. तेथे समाजवादी वास्तववादाला अधिकृत मान्यता मिळाली आणि 'आई' ही कादंबरी त्याचा पूर्वनमुना म्हणून मिरवली जाऊ लागली. वास्तवाचे चित्रण त्याच्या क्रांतिकारी विकासाच्या दिशेने करावे, ही या सिद्धान्ताची मुख्य मागणी होती. तिचा व्यावहारिक अर्थ असा झाला की, जे असावे ते आहे म्हणून लिहावे. ध्येय आणि व्यवहार यांतील अंतर समाजात भरून येत नव्हते. ते वाङ्मयात भरून काढण्याची जबाबदारी लेखकावर आली. ज्या लेखकाने १९१८ मध्ये ते अंतर दाखवले होते, त्याच्याच नावाने ते झाकण्याचे शास्त्र तयार झाले.

५

अखेरच्या वर्षांतील चित्र एकरंगी नाही. १९३१ मध्ये झाम्यातिन याला देशाबाहेर जाण्याची परवानगी मिळाली ती गॉर्कीच्या मध्यस्थीने. बाबेलसारख्या लेखकांना त्याचा आधार होता. त्याची पहिली पत्नी येकातेरिना पेशकोव्हा राजकीय कैद्यांना मदत करणारी संस्था वर्षानुवर्षे चालवीत होती. छावण्यांची स्तुती करणारा लेखक आणि छावण्यांतील माणसांच्या पत्रांना उत्तरे देणारी ही स्त्री यांचे संबंध शेवटपर्यंत स्नेहाचे राहिले.

याहून महत्त्वाचा पुरावा त्याच्या ललित लेखनात आहे. १९२५ पासून मृत्यूपर्यंत तो 'क्लिम सामगिनचे जीवन' ही प्रचंड कादंबरी लिहीत होता. ती १९१७ पाशी येऊन थांबते आणि अपूर्ण राहते. क्रांतीनंतरच्या रशियावर त्याने एकही कादंबरी लिहिली नाही. समकालीन विषयावरचे 'सोमोव्ह आणि इतर' हे नाटक त्याने १९३१ मध्ये लिहिले, पण हयातीत प्रसिद्ध होऊ दिले नाही. प्रचारक गॉर्की ज्या नव्या माणसाचे रोज गुणगान करीत होता, तो नवा माणूस कलावंत गॉर्कीला शब्दांत उभा करता आला नाही. निबंधात त्याने लुकाचे ऐकले. कादंबरीपुरते तरी त्याला लुकाचे ऐकणे जमले नाही, असे म्हणता येईल.

मे १९३४ मध्ये त्याचा मुलगा मॅक्झिम वारला. १९३३ नंतर त्याला पुन्हा इटलीस जाता आले नाही. १८ जून १९३६ रोजी मॉस्कोजवळच्या गोर्की या गावी त्याचे निधन झाले. अस्थिकलश वाहणाऱ्यांत स्टालिन होता, आणि कलश क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आला. १९३८ च्या मॉस्को खटल्यात गुप्त पोलिसांचा माजी प्रमुख यागोदा, गॉर्कीचा सचिव क्र्यूचकोव्ह आणि डॉक्टर लेविन यांच्यावर त्याच्या खुनाचा आरोप ठेवून त्यांना देहान्त शासन देण्यात आले. कालव्याच्या ग्रंथाचे दोघे सहसंपादक, आव्हेरबाख आणि छावणीचा अधिकारी फिरिन, आधीच १९३७ मध्ये गोळीला बळी पडले होते, आणि तो ग्रंथही ग्रंथालयांतून काढून टाकण्यात आला होता.

गॉर्कीच्या या जीवनक्रमाचा अर्थ लावताना दोन सोपी उत्तरे टाळली पाहिजेत. तो विकला गेला, हे पहिले; तो फसवला गेला, हे दुसरे. १९१८ मध्ये ज्याने सर्व काही पाहिले आणि सांगितले, तो १९२९ मध्ये अजाण होता असे मानता येत नाही. आणि केवळ मानमरातबासाठी त्याने लेखणी दिली असे म्हटले, तर त्याच्या ध्येयाला आपण तपासणीतून सूट देतो. शुद्ध ध्येय आणि भ्रष्ट व्यवहार अशी साधी विभागणी त्याच्या बाबतीत टिकत नाही. माणूस ही घडवावयाची वस्तू आहे, जडतेत रुतलेल्या बहुसंख्यांना ओढूनच पुढे न्यावे लागते, आणि उदात्त हेतूसाठी सत्य निवडून सांगावे, हे तिन्ही विचार त्याच्या ध्येयातच होते. छावणीच्या दारातून तो आत गेला तेव्हा ते त्याच्या सोबत होते. त्याच ध्येयात माणसाविषयीची अपार करुणाही होती. तिच्यामुळेच त्याने १९१८ मधले लेख लिहिले आणि शेकडो जीव वाचवले. साम्यवादी व्यवहाराने ह्या ध्येयातले काय उचलले आणि काय टाकून दिले, हे पाहण्यासाठी गॉर्कीचे दोन्ही काळ एकत्र वाचले पाहिजेत. 'आई' शिकवणाऱ्या अध्यापकाने त्याच तासाला 'अकालिक विचार' आणि सोलोव्हकीवरील लेख यांचीही चर्चा करावी. एरवी आपल्याकडील पुरोगामी वाङ्मयाला गॉर्कीकडून मिळालेला वारसा आपल्याला अर्धाच समजेल.